ढब्बू का फुगला?

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे, पण भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर पंधरा मिनिटं एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलू शकतील असे आपल्या तुकडीत डझनभर तरी आहेत, आणि ते न विचारताही बोलतात. मी माशावर बोलते. पलीकडे जरा शांतता. मग प्रश्न आला, "खायच्या?" म्हटलं, "नाही, पाळलेल्या. पोट फुगलेल्या." पुन्हा शांतता. शेवटी ते म्हणाले, "बरं, पण जेवणाच्या आधी नको." म्हणून मला जेवणानंतरची वेळ मिळाली आहे. ज्यांना डुलकी काढायची आहे त्यांनी खुशाल काढावी.

आधी एक गोष्ट आठवा. आपल्या विज्ञानाच्या प्रयोगवहीत ठरलेले मथळे असायचे: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आपण काय करायचो? अनुमान आधीच पुस्तकातून उतरवायचो आणि मग त्याला शोभेल असं निरीक्षण वर लिहायचो. बाईंना ते लगेच कळायचं. माझ्या वहीत त्यांनी एकदा लाल शाईने लिहिलं होतं, "निरीक्षणाच्या जागी अनुमान लिहू नये." दोन गुण गेले. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, ते दोन गुण मी मागच्या वर्षी परत मिळवले, पण त्याआधी आणखी बरेच घालवले. तीच ही गोष्ट.

माझे बाबा सहकारनगरला तळमजल्यावर राहतात. आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी एक मासा आणला, चार इंचांचा. काळी पाठ, पांढरं पोट, लालभडक शेपटी आणि लांब मिशा. दुकानदाराने नाव सांगितलं, रेडटेल कॅटफिश. हा मासा ॲमेझॉन आणि ओरिनोको या दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. पूर्ण वाढला की मीटरभराहून मोठा होतो. हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दोन फुटी टाकीतून तीन फुटी, तिथून चार फुटी, आणि शेवटी बाबांच्या बैठकीच्या खोलीत सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच अशी टाकी आली. हजार लिटर पाणी, म्हणजे एक टन वजन. तळमजला नसता तर सोसायटीने आम्हालाच बाहेर काढलं असतं.

माशाचं नाव ठेवलं ढब्बू. आम्ही पक्के शाकाहारी. आमच्या घरी मासे खाणारा एकच, तो मासाच. त्याच्यासाठी फ्रीजरचा खालचा कप्पा वेगळा काढला. सोमवारी आणि शुक्रवारी दीडशे ग्रॅम कोळंबी किंवा माशाचे तुकडे. एवढ्या मोठ्या शिकारी माशाला आठवड्यातून दोनदा पुरतं. तो चावत नाही, अख्खा घास आत ओढतो आणि मग दोन दिवस तळाशी पडून पचवतो.

बाबांनी या माशाबद्दल बरंच वाचन केलं होतं. आलेल्या प्रत्येकाला ते एक गोष्ट ऐकवायचे. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकात दख्खनची सांख्यिकी पाहणी करत हिंडला. त्याने आपल्याकडच्या नद्यांतल्या माशांची वर्णनं लिहिली आणि १८३९ साली ती लंडनमध्ये छापली गेली. त्यात आपला घोगरा मासा आहे, आणि साइक्सने त्याला नाव दिलं फ्रॅक्टोसेफॅलस गोगरा. पुढे शास्त्रज्ञांनी घोगऱ्याला रीटा या दुसऱ्या प्रजातीत हलवलं. आज फ्रॅक्टोसेफॅलस या प्रजातीत एकच जिवंत जात उरली आहे, ती म्हणजे ॲमेझॉनचा रेडटेल. बाबा म्हणायचे, "म्हणजे कागदोपत्री आमचा ढब्बू काही काळ इथल्या घोगऱ्याचा सख्खा भाऊच होता." ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर मागच्या वर्षी जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, मी रविवारी बाबांकडे गेले आणि ढब्बू मला जरा जास्तच गोल वाटला. बाबा म्हणाले, "अगं, नावच ढब्बू आहे, फुगणारच." मीही हसले. पुढच्या रविवारी पोट दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं होतं, श्वास जलद चालला होता, आणि तो तळाशी सपाट न बसता शेपूट किंचित वर करून कलंडत होता. हे निरीक्षण होतं. मी मात्र थेट अनुमानावर उडी मारली: बद्धकोष्ठ.

दोन दिवसांत मी काय काय केलं ते ऐका. कुणी तरी सांगितलं, उकडलेले मटार द्या. दिले. पण मटार गोल्डफिशसारख्या वनस्पती खाणाऱ्या माशाला उपयोगी. शिकारी माशाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते तळाशी पडून कुजले. कुणी सांगितलं, मीठ टाका. मी अंदाजाने मुठी भरून टाकलं. एका दुकानातून हिरव्या-निळ्या औषधाची बाटली आणली आणि वर छापलेला पूर्ण डोस ओतला. त्यात मॅलाकाइट ग्रीन होतं. कॅटफिशच्या अंगावर खवले नसतात, त्यामुळे अशी औषधं आणि तांबं असलेले रंगीत डोस त्यांना फार लवकर बाधतात. रात्री अकरा वाजता ढब्बू पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करत होता.

ऑफिसात माझ्या टीममधल्या कुणी चालू सिस्टिमवर एकाच वेळी तीन बदल केले असते, तेही कारण न शोधता, तर मी त्याला मीटिंगमध्ये उभं करून विचारलं असतं, "आता बिघडलं तर कशामुळे बिघडलं हे तू कसं सांगणार?" तोच प्रश्न मला त्या रात्री स्वतःला विचारावा लागला.

मग मी फोन केला आपल्या वर्गातल्या पशुवैद्य मैत्रिणीला. ती तिथे तिसऱ्या टेबलावर बसली आहे. मी तिचं नाव घेणार नाही, कारण आज ती जेवायला आली आहे आणि तुम्ही सगळे तिला आपापल्या कुत्र्याची खाज दाखवायला लागाल. तिचं काम मुख्यतः कुत्री, मांजरं आणि गायी-म्हशींचं, पण मासेही तिने हाताळले आहेत. तिने आधी झापलं. मग म्हणाली, "निम्मं पाणी बदल, क्लोरीन काढून. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन टाक, म्हणजे औषध शोषलं जाईल. हवेचा दुसरा पंप लाव. आणि उद्यापर्यंत काहीही करू नकोस. फक्त बघ आणि लिहून ठेव."

काय बघायचं, ते तिने सांगितलं, आणि ज्यांच्या घरी मोठा मासा आहे त्यांनी हे टिपून घ्या.

पहिलं, वरून बघायचं. सूज दोन्ही बाजूंना सारखी आहे की एकाच बाजूला? एकाच बाजूला असेल तर गाठीचा संशय घ्यायचा. पोट पुढच्या भागात, कल्ल्यांच्या मागे फुगलंय, की शेपटीकडे? रोज सकाळी एकाच जागेवरून फोटो काढायचा, कारण आपली नजर फसवते. दुसरं, शी. होते का, कशी होते? तिसरं, श्वास. एका मिनिटात कल्ले किती वेळा हलतात ते मोजायचं. चौथं, पाणी. तापमान, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. थेंब टाकून रंग बघायचे तपासणी संच मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. पाचवं, आणि तिच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: शेवटचं खाणं कधी, काय आणि किती?

पाचव्याचं उत्तर मी लगेच दिलं: "सोमवार-शुक्रवार, दीडशे ग्रॅम. बाबा बँकेत होते, त्यांचा हिशोब चुकत नाही." बाई, हे बघा, पुन्हा निरीक्षणाच्या जागी अनुमान.

मैत्रिणीने मग मला समजावलं की पोट फुगणं हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. आत अन्न अडकलेलं असू शकतं. वायू असू शकतो. गिळलेला दगड किंवा हीटर चिकटवायची रबरी वाटी असू शकते. रेडटेल तोंडात मावेल ते गिळतो. मादी असेल तर अंडी असू शकतात. गाठ असू शकते. किंवा पाणी असू शकतं, म्हणजे जलोदर.

यातल्या जलोदराची भीती सगळ्यांत मोठी. तो कसा होतो ते मला आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगवरून कळलं. पावसाळ्यात भिंतींतून पाणी सतत झिरपतं आणि खड्ड्यातला पंप ते सतत बाहेर फेकतो. गोड्या पाण्यातल्या माशाचं तसंच आहे. त्याच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त, म्हणून कल्ल्यांतून आणि कातडीतून पाणी दिवसरात्र आत येत राहतं. मूत्रपिंडं ते पातळ लघवी करून बाहेर टाकतात. एरोमोनाससारख्या जिवाणूंनी मूत्रपिंडं बिघडली की पंप बंद, आणि तळघरात पाणी. इतर माशांत तेव्हा खवले उभे राहतात आणि मासा देवदाराच्या फळासारखा दिसतो, त्यावरून ओळखता येतं. पण कॅटफिशला खवलेच नाहीत. म्हणजे जी खूण सगळे सांगतात, ती इथे दिसणारच नाही. ती दिसत नाही म्हणून जलोदर नाही, असंही म्हणता येत नाही.

आणि उपचार तर उलटसुलट. अन्न तुंबलं असेल तर उपास. जलोदर असेल तर प्रतिजैविकं, बहुधा इंजेक्शनने, आणि तरीही वाचण्याची आशा थोडी. दगड असेल तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. म्हणून आत काय आहे हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी ती सोनोग्राफीचं हातात धरायचं छोटं यंत्र घेऊन आली. आपल्या पोटावर सोनोग्राफी करताना जेली लावतात, कारण मधे हवा राहिली तर ध्वनिलहरी पुढे जात नाहीत. मासा पाण्यातच असतो, त्यामुळे पाणीच जेलीचं काम करतं. तिने यंत्राचं टोक हातमोज्यात घातलं आणि पाण्यात पोटापासून चार बोटं अंतरावर धरलं. मासा बाहेर काढावा लागला नाही हे बरं झालं. बाहेर काढायचाच असेल तर जाळं वापरू नका. कॅटफिशच्या बाजूच्या परांना टणक काटा असतो, तो जाळ्यात अडकतो, माशाला इजा होते आणि आपल्या हातालाही. ओल्या ताडपत्रीची झोळी करून दोघांनी उचलायचं.

पडद्यावर द्रव काळा दिसतो. ढब्बूच्या पोटात तसा काळा साठा नव्हता. जलोदर नाही. दगड नाही, गाठ दिसली नाही. जठर मात्र ठासून भरलेलं, आणि मधे थोडा वायू. मैत्रीण म्हणाली, "हा आजारी नाही गं. हा जेवलाय. चार जणांचं जेवलाय."

बाबा शेजारी उभे राहून मन लावून बघत होते. तिला त्यांनी साइक्सची गोष्ट सांगितली, १८३९ सालासकट. तिलाही आवडली.

उपचार साधा होता. पूर्ण उपास. एवढा मोठा मासा दोन-तीन आठवडे सहज उपाशी राहू शकतो, त्यात क्रौर्य नाही. थंडीमुळे पाणी २१ अंशांवर आलं होतं आणि गार पाण्यात माशाचं पचन मंदावतं, म्हणून हीटर लावून रोज एकेक अंश वाढवत २७ वर न्यायचं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचा जादा पंप चालूच ठेवायचा. शिवाय एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, केमिस्टकडचं. साधं मीठ वेगळं आणि हे वेगळं; हे सौम्य रेचक आहे. तिने प्रमाण दिलं २० लिटरला एक सपाट छोटा चमचा. आमच्या टाकीला सुमारे २५० ग्रॅम लागलं. ते एकदम टाकलं नाही, बादलीत विरघळवून दिवसभरात थोडं थोडं सोडलं. तुमचा मासा, तुमचं पाणी वेगळं असेल, तेव्हा प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. दर दोन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदलायचं, आणि जेवढं पाणी बदललं तेवढ्यापुरतंच सॉल्ट पुन्हा घालायचं. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असलं तर आदल्या दिवशी पिंपं भरून ठेवायची. टाकीसाठी क्लोरीन काढायचं औषध लागतंच.

बाबांना सगळं नीट समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे ढब्बूची चतुर्थी." मी म्हटलं, "हो, पण चंद्र उगवला तरी सोडायची नाही." ते हसले. सगळं कळलं होतं त्यांना, याबद्दल मला शंका नाही.

चौथ्या दिवशी मी ऑफिसातून थेट तिकडे गेले. पोट तसूभर कमी नव्हतं. अमोनियाच्या थेंबांनी पाणी हिरवं झालं. उपाशी माशाच्या टाकीत अमोनिया कमी व्हायला हवा, इथे वाढला होता. पहिला संशय मी स्वतःवर घेतला. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे उपयोगी जिवाणू फिल्टरमध्ये राहतात. माझ्या त्या हिरव्या औषधाने तेच मेले असतील, असं वाटलं. म्हणून फिल्टर उघडला. स्पंजवर कोळंबीची सालं होती. ताजी, गुलाबी.

उपासाच्या चौथ्या दिवशी.

टाकीच्या बाजूला खिळ्याला एक वही टांगलेली असते. बाबा तिच्यात नोंद करतात: तारीख, काय दिलं, किती दिलं. बँकेची सवय. ती वही गेले वर्षभर मी उघडलीच नव्हती. त्या दिवशी उघडली. ऑक्टोबरपर्यंत सोमवार, शुक्रवार, सोमवार, शुक्रवार, अगदी शिस्तीत. नोव्हेंबरपासून मधले वार दिसायला लागले. डिसेंबरच्या एका पानावर एकाच तारखेला तीन ओळी होत्या. तिन्ही ओळींत तेच: कोळंबी, १५० ग्रॅम. तेच सुंदर वळणदार अक्षर. हिशोब एकदाही चुकला नव्हता. दिलं तेवढं लिहिलं होतं. फक्त आधी दिलंय हे त्यांच्या लक्षात नव्हतं, आणि वरची ओळ डोळ्यांसमोर असूनही ती आजची आहे हे कळत नव्हतं.

कामाच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "हो ताई, काका दिवसातून दोन-दोनदा देतात कधी. मी म्हणायची, आत्ताच दिलंत की. मग ते गप्प बसायचे." मी म्हटलं, "मग मला सांगितलं का नाहीत?" त्या म्हणाल्या, "तुम्ही कधी विचारलंत?"

मंडळी, मी रोज फोन करत होते. "बाबा, जेवलात? गोळ्या घेतल्यात?" ते म्हणायचे, "हो." त्या 'हो'ला मी निरीक्षण समजत होते. एक गोष्ट ते दोनदा सांगायचे, तेव्हा आम्ही भावंडं एकमेकांकडे बघून हसायचो. "वय झालं, चालायचंच." जसं "ढब्बूच आहे, फुगणारच." दोन्ही वाक्यं एकाच साच्यातली. लक्षणाला आपण स्वभाव म्हणून टाकतो, आणि मग ते तपासायची गरजच उरत नाही. त्यांना १८३९ आठवतं, म्हणून सकाळही आठवत असणार असं मी धरून चालले होते. जुनं पक्कं राहतं आणि नवं टिकत नाही, हीच तर त्या आजाराची रीत असते. ते मला नंतर कळलं.

मग बाबांना डॉक्टरांकडे नेलं. मी तिथेही अनुमान घेऊनच गेले होते, एका शब्दाचं, आणि रात्रभर रडून झालं होतं. डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं. म्हणाले, "विसरणं हे लक्षण आहे. आधी बघू कशामुळे." त्यांनी रक्तातलं बी-१२ तपासलं, थायरॉइड तपासलं, सोडियम तपासलं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या, कारण झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ वाढतो. ऐकू नीट येतं का, मन उदास आहे का, हेही बघितलं. कारण यातल्या काही गोष्टी दुरुस्त होऊ शकतात. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता नेहमी सापडते. बाबांचंही बरंच कमी निघालं. इंजेक्शनं झाली, थकवा गेला, थोडी तरतरी आली. पण सगळं परत आलं नाही. पुढच्या तपासण्यांनंतर डॉक्टरांनी सांगितलं की अल्झायमरची सुरुवात आहे. म्हणजे माझा तो शब्द शेवटी खरा निघाला. तरीही तो आधीच गृहीत धरून बी-१२ तपासलं नसतं, तर जे परत आलं तेही आलं नसतं.

सुरुवातीलाच कळलं याचा उपयोग झाला. बँकेची कागदपत्रं, मृत्युपत्र, उपचारांबद्दलच्या इच्छा, हे सगळं बाबांनी स्वतः, समजून-उमजून, स्वतःच्या सहीने केलं. आणखी दोन वर्षांनी कळलं असतं तर ते आम्ही केलं असतं, त्यांच्या वतीने.

आता ढब्बू. घरातल्यांचं म्हणणं पडलं, बाबांकडून खायला घालणं काढून घ्या, फ्रीजरला कुलूप लावा. मला ते पटेना. त्यांच्या आठवड्यात स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच काम उरलं होतं. आमच्या धंद्यात एक नियम आहे: एकच विनंती दोनदा आली तरी परिणाम एकदाच झाला पाहिजे. तुम्ही पैसे भरताना बटण दोनदा दाबलंत तरी पैसे एकदाच कापले जावेत, यासाठी आम्ही झटत असतो. मी तेच केलं. कोळंबी आता माझ्याकडे, बाणेरला असते. दर रविवारी मी दोन छोटे डबे नेते. एकावर मोठ्या अक्षरांत 'सोमवार', दुसऱ्यावर 'शुक्रवार'. बाबा डबा रिकामा करतात आणि टाकीवर उपडा ठेवतात. पुन्हा द्यावंसं वाटलं तर फ्रीजर उघडतात, डबा नसतो, टाकीवर उपडा दिसतो, आणि स्वतःच म्हणतात, "अरे, झालं वाटतं." कुणी टोकावं लागत नाही. आणि एखाद्या वेळी सोमवारीच दोन्ही डबे दिले गेले, तरी आठवड्याचं माप तेवढंच राहतं.

उपास मग आम्ही पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजला. सहाव्या दिवशी ढब्बूला ढीगभर शी झाली. घरात पेढे वाटावेत इतका आनंद झाला. बाराव्या दिवशीचा फोटो पहिल्या फोटोशेजारी ठेवला तेव्हा पोट बसलं होतं. तीन आठवड्यांनी पहिला घास दिला, दोन कोळंब्या, सोललेल्या. तो बाबांनीच दिला.

एक कबुली देऊन संपवते. हा मासा घरात आणणंच चूक होतं. जो मीटरभराहून मोठा होणार त्याला हजार लिटरची टाकी म्हणजे आपण लिफ्टमध्ये संसार करण्यासारखं आहे. त्याच्यासाठी मोठ्या तळ्याची सोय बघणं चालू आहे, बंदिस्त तळ्याची. कुणाच्या शेतावर पक्कं बांधलेलं तळं असेल तर मला भेटा. पण असा मासा नदीत किंवा धरणात कधीही सोडू नका. टाकीची काच साफ करायला आणलेला सकर मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो आणि त्यांचं नुकसान करतो. थाई मागूर या परदेशी कॅटफिशवर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली आहे, ती याच कारणासाठी: बाहेरचा खादाड मासा इथल्या माशांना उरू देत नाही. साइक्सने ज्यांची नोंद केली ते आधीच कमी झालेत. ढब्बू कागदावर घोगऱ्याचा भाऊ होता तेवढं पुरे.

परवा बाबांनी मला साइक्सची गोष्ट पुन्हा सांगितली, नवीच असल्यासारखी. मी पूर्ण ऐकली. साल बरोबर होतं.

आपण सगळे आता पंचेचाळिशीत आहोत. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील पुण्यातच, पण आपल्यापासून दोन उड्डाणपुलांवर राहतात. काही जणांचे तर तुमच्यापासून एका समुद्रापलीकडे. फोनवर "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं की उत्तर "हो"च येतं. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा फ्रीज उघडून बघा. गोळ्यांच्या पाकिटांवरच्या तारखा बघा. दुधाच्या पिशव्या मोजा. मावशींना, वॉचमनला, शेजारच्या काकूंना विचारा, आणि ते सांगतील ते ऐका. अनुमान काढायची घाई करू नका, ते डॉक्टर काढतील. आपण निरीक्षण लिहायचं.

बाई, आता द्याल का ते दोन गुण?